यंदा गवत कापू नका

दोल्गोल, ४ सप्टेंबर १९५१

दुह्वान भाऊजी,

हे पत्र मीठ विकणाऱ्या उन्बोंगवालीच्या टोपलीतून येतंय. कागद ओलसर लागला तर वहिनी रडली वगैरे समजू नका, मीठ आहे ते. टपालाने पाठवायचं धाडस नाही. तुमच्याच पोलीस खात्याची माणसं पाकिटं फोडून वाचत बसतात म्हणे, आणि माझं अक्षर लागलं नाही तर त्यालाच गुप्त लिपी म्हणायची.

मुद्दा असा. तुम्ही कळवलं होतंत की शरदातल्या पौर्णिमेआधी रजा मिळणार नाही, वडिलांच्या थडग्यावरचं गवत कोण कापणार? ती काळजी आता सोडा. गवत कापून झालं आहे.

काल सकाळी सासूबाई आणि मी विळे घेऊन वर गेलो. सासूबाईंची वाटभर टकळी चालू होती. "दोन-दोन पोरं काढली आणि नवऱ्याच्या थडग्यावर विळा चालवायचा म्हातारीनं. गवत गुडघ्याएवढं झालं की लोक म्हणणार, ह्यांच्या घरात पुरुष उरला नाही." मी म्हटलं, तुम्ही सावलीत बसा आणि मला शिव्या द्या, काम मी करते. वर पोचलो तर थडगं न्हाव्याकडून आल्यासारखं स्वच्छ! पेंढ्या नीट रचलेल्या. सगळ्या जगाच्या पेंढ्या कापणाऱ्याच्या डाव्या अंगाला पडतात, ह्या उजव्या अंगाला पडल्या होत्या. आणि पायथ्याशी ती निळी घंटीची फुलं येतात ना, मामंजींना ज्यांची मुळं खायला आवडायची, ती तेवढी न कापता ठेवलेली.

आपल्या खोऱ्यात डावखुरा एकच आहे. एवढा मार खाऊनही तुमच्या दादांनी हात काही बदलला नाही.

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि हसत सुटल्या. "मेला जिवंत आहे गं! मेला जिवंत आहे!" तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला मात्र हसू येईना. तीन वर्षांपूर्वी रात्रशाळेत कुळांना अक्षरं शिकवली म्हणून ह्यांना चोप मिळाला. दुसरा मिळणार असं कळल्यावर हे जिरी डोंगरात गेले आणि तिथे लपलेल्या बंडवाल्यांपैकी कुणीतरी हातात बंदूक दिली. तुम्ही खाली नामवोनला जाऊन पोलीस झालात, म्हणालात, घरात एक गणवेश असला की बाकीचे जगतील. आम्ही जगतोय खरं, पण गाव अर्धं तुमच्यामुळे बोलत नाही आणि अर्धं त्यांच्यामुळे.

हे तुम्हाला कळवायला नको होतं, ते मला समजतं. पण वडिलांचं करणं तुमच्याही माथ्यावर होतं. ते पार पडलं हे ज्याच्या माथ्यावर आहे त्याला कळायला हवं, नाहीतर तुम्ही पौर्णिमेचा घास कसा गिळणार?

मल्सुन सहा वर्षांची झाली. काकाकडून रबरी बूट हवेत म्हणते.

वहिनी


नामवोन, १४ सप्टेंबर १९५१

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. माझंही घाला. आईला सांगा, हसायचं असेल तर घरात, दार लावून.

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. गेल्या महिन्यात आमच्या तुकडीवर वरून गोळीबार झाला. बाकीचे दगडाआड तोंड खुपसून पडले होते. मी मान वर काढून बघत होतो, कुणी डाव्या खांद्यावर बंदूक घेतलीय का. हवालदाराने मानगूट धरून खाली दाबलं आणि म्हणाला, "काय रे, सासुरवाडी आहे का वर?" सगळे हसले. मीही हसलो.

मला एक सांगा. गवत हिरवं होतं का वाळलेलं? म्हणजे तुम्ही गेलात त्याच्या किती दिवस आधी तो आला असेल? पुढच्या वर्षी तोच दिवस धरून मी लांबून एकदा त्याला बघेन म्हणतो. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. लहानपणी पाण्याला ओढ असायची तेव्हा हा मला पाठुंगळी घेऊन ओढा पार करायचा आणि मधोमध थांबून म्हणायचा, "टाकू?" मी किंचाळायचो. त्याने कधी टाकलं नाही.

मल्सुनच्या पावलाचं माप दोऱ्याने घेऊन पाठवा.

दुह्वान


दोल्गोल, २८ फेब्रुवारी १९५२

भाऊजी,

हिवाळा कसा गेला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, तुमचीच माणसं होती. आम्हाला हाकलून खालच्या शाळेत नेलं. चाळीस दिवस एकेका वर्गात आठ-आठ घरं. वर विमानं, आणि डोंगर धुमसतोय. परत आलो तर छप्पर शिल्लक होतं पण जमिनीत पुरलेल्या मुळ्याच्या लोणच्याच्या बरण्या फोडलेल्या. कुणी फोडल्या म्हणून विचारायचीही सोय नाही. तुमच्यांनी म्हणावं तर तुमचे रागावतात, वरच्यांनी म्हणावं तर वरचे.

मागच्या बाजाराच्या दिवशी ओढ्याकाठी वरच्यांची प्रेतं मांडली होती. गावातल्या बायकांना बोलावणं आलं, ओळखा म्हणून. मी सगळी ओळ चालले. तोंडं बघवत नव्हती, म्हणून हात बघत गेले. ज्याच्या डाव्या तळव्याला विळ्याचा घट्टा असेल तो माझा. एकही निघाला नाही. शेवटून तिसरी मुलगी मात्र मी ओळखली, ह्यांच्या रात्रशाळेत पुढच्या रांगेत बसायची. अधिकाऱ्याने विचारलं, "कुणी ओळखीचं?" मी म्हटलं, "कुणी नाही साहेब." त्या मुलीची आई माझ्या शेजारीच उभी होती. तीही म्हणाली, कुणी नाही.

सासूबाईंनी आता वेगळाच घोर लावलाय. रोज सकाळी विचारतात, "त्याचं पान वाढायचं का नाही?" गेलेल्याचं पान वाढलं नाही तर तो उपाशी फिरणार, आणि जिवंत माणसाचं वाढलं तर आपणच त्याला मारल्यासारखं. शिवाय वाढायचं तर दिवस हवा. कोणता दिवस धरायचा? काल त्या माझ्यावरच घसरल्या. "बायको ना तू? तुला आतून काही कळत नाही?" भाऊजी, मला आतून काहीच कळत नाही. दार वाजलं की उठते एवढंच.

तुमच्याकडे मेलेल्यांच्या, पकडलेल्यांच्या याद्या असतात. बघा आणि काय असेल ते सरळ लिहा. मी सहन करीन. खोटं सांगू नका.

वहिनी


नामवोन, २० मार्च १९५२

वहिनी,

सगळ्या याद्या पाहिल्या. कुठल्याही यादीत दादाचं नाव नाही. पान वाढू नका. आईला सांगा, मी सांगितलंय.

मल्सुनचे बूट पाठवतोय. या महिन्यात मला बढती मिळाली, बाहीवर एक पट्टी वाढली.

एक विनंती आहे. यंदा गवत कापू नका. तुम्ही नाही आणि आईनेही नाही. पौर्णिमेआधीचे दहा-बारा दिवस वर फिरकूसुद्धा नका. का म्हणून विचारू नका. माझ्यासाठी एवढं करा.

दुह्वान


दोल्गोल, २५ ऑगस्ट १९५२

भाऊजी,

पाच महिने तुमच्या आठ ओळी पुरवून वाचतेय. बूट आले, पोरीने झोपतानाही काढले नाहीत, आता लहानही झाले.

स्पष्ट विचारते, राग मानू नका. मानलात तरी माझा इलाज नाही. ही बढती कशाबद्दल? पलीकडच्या खोऱ्यातल्या एका पोलिसाने चुलतभावाला निरोप धाडला, "खाली ये, माफी मिळेल, मी जामीन आहे." तो पांढरं फडकं घेऊन आला आणि ओढ्यापाशीच त्याला उभा करून गोळी घातली. त्या पोलिसाच्या बाहीवर दुसऱ्याच आठवड्यात पट्टी चढली. हे मी सांगायला नको, तुमच्याच ठाण्याखालचं आहे.

गेल्या वर्षी तुम्ही दिवस विचारलात. यंदा म्हणता, कापू नका. दोन्ही जोडून मी जे वाचते ते मला वाचायचं नाही. गवत मांडीएवढं झालंय. मी आधी जाऊन कापलं तर हे येतील, झालेलं बघतील आणि आल्या पावली परत फिरतील. जीव वाचेल. पण मग ते आले होते का, आहेत का, हे मला कधीच कळणार नाही. आणि न कापता ठेवलं तर कळेल, पण तेवढा वेळ हे उघड्या टेकाडावर पाठ करून वाकलेले राहणार. रोज विळा घेते आणि परत खुंटीला लावते.

सासूबाई म्हणतात, "धाकटा आपलाच आहे. तो सांगतो तसं कर." त्या आई आहेत, त्यांना दोघांपैकी एक निवडायचा नाहीये. मला निवडावं लागतंय. तेव्हा वडिलांची शपथ घेऊन लिहा, तुमच्या मनात काय आहे.

वहिनी


नामवोन, ८ सप्टेंबर १९५२

वहिनी,

वडिलांची शपथ, माझ्यामुळे दादाच्या केसालाही धक्का लागणार नाही.

२४ तारखेला सकाळी मी तिथे जाणार आहे. त्या दिवशी तुम्ही घरी राहा, आईला आणि पोरीलाही बाहेर सोडू नका. दुसऱ्या दिवशी आईला वर घेऊन या. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दुह्वान


दोल्गोल, १५ सप्टेंबर १९५२

प्रिय भाऊजी,

आपलं पत्र पोचलं. आपण म्हणता तसंच होईल. गवताला हात लावणार नाही. आपल्यावर सासूबाईंचा विश्वास आहे, तर माझाही असायला हवा. सोबत नवे अक्रोड पाठवते आहे. ठाण्यातल्या मंडळींनाही द्यावेत.

आपली वहिनी


नामवोन, २० सप्टेंबर १९५२

वहिनी,

अक्रोड पोचले. पत्र फार गोड होतं. लग्न होऊन आलात तेव्हापासून तुम्ही मला एकदाही "आपण" म्हणाला नव्हतात. माझ्या ताटातला मासा उचलून दादाला वाढायच्या आणि मलाच खादाड म्हणायच्या. ते "आपण" वाचलं तेव्हाच समजलो, वहिनीने मला मनातून काढून टाकलं. म्हणून आता लिहितो. हे आईपासून लपवायचं ठरलं होतं आणि तुमच्यापासूनही, पण तुमच्या मनात मी भाऊ विकणारा होऊन राहावं हे मला झेपत नाही.

दादा गेला, वहिनी. चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे १४ फेब्रुवारीला. आमची तुकडी वरच्या कड्याखाली शोध घेत होती. जळून गेलेल्या खोपटाच्या मागे, बटाट्यांच्या खड्ड्यात तिघं होते. ते आमच्या गोळीने नव्हते गेले, थंडीने गेले होते. मला आधी हात दिसला. खिशात अर्धा बटाटा होता, दगडासारखा गोठलेला. मी बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मला पोटात कळ आलीय. मग खड्ड्यावर माती आणि दगड ओढले. तिथे एक वाकडा पाइन आहे, मी खूण लक्षात ठेवलीय.

नाव कळवलं नाही. कळवलं असतं तर ओढ्याकाठी मांडलं असतं, आणि आईला ओळखायला बोलावलं असतं. म्हणून यादीत नाव नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नाही. पट्टी त्याच मोहिमेबद्दल सगळ्या तुकडीला मिळाली. शिवताना सुई बोटात गेली तेव्हा बरं वाटलं.

आईला मी ओळखतो. थडग्यावरचं गवत कापलेलं दिसलं की ती पुढचं वर्ष काढते. म्हणून ठरवलं, कापायचं मी. पण डाव्या हाताने, पेंढ्या उजवीकडे, निळी फुलं राखून. दोन महिने ठाण्यामागच्या बांधावर सराव करतोय. हवालदार म्हणतो, "ह्याचं डोकं फिरलं." अंगठा दोनदा कापून घेतला, पण आता जमतं. तुम्ही दोघी वर आलात तर मी दिसेन, म्हणून कापू नका, येऊ नका म्हणत होतो.

२४ ला शेतकऱ्याचे पांढरे कपडे घालून एकटाच येतोय. गणवेश नाही, बंदूक नाही. वडिलांपुढे आणि दादापुढे बंदूक घेऊन कसं वाकायचं? तुम्हाला दिवस कळला. पण पान वाढू नका, आई विचारेल. ती असेपर्यंत तेवढं सांभाळा, दर वर्षी गवताचं मी बघतो.

उन्बोंगवाली उद्या निघते. हे पत्र २४ च्या आधी पोचेल. वाचून माझ्यावर रागवा, पण मला परत "तुम्ही" म्हणा.

दुह्वान


दोल्गोल, २ ऑक्टोबर १९५२

भाऊजी,

हे पत्र कुणी नेणार नाही. उद्या पौर्णिमा आहे, तुमच्या पानापुढे जाळीन.

तुमचं पत्र परवा, ३० तारखेला मिळालं. सणाआधी मिठाला गिऱ्हाईक असतं म्हणून उन्बोंगवाली आधी वरच्या वाड्यांना गेली, मग बाजाराला. दहा दिवस ते तिच्या टोपलीत मिठाखाली पडून होतं. टोपली उतरवून म्हणाली, "अगं, हे राहिलंच होतं बघ द्यायचं." तिचं काय चुकलं? ती दोन्हीकडे मीठ विकते, दोन्हीकडचे निरोप नेते, आणि वाचता येत नाही म्हणूनच जिवंत आहे.

तुम्हाला अक्रोड पाठवले त्याच दिवशी मी तिच्याकडे दुसराही निरोप दिला होता. वरच्यांसाठी, ह्यांना पोचवायला. "दुसोकला सांगा, यंदा वडिलांच्या थडग्याकडे येऊ नको. २४ ला सकाळी धाकटा तिथे दबा धरून असेल." एवढंच. ह्यांनी येऊ नये एवढंच माझ्या मनात होतं, भाऊजी. पण निरोप घ्यायला हे वर नव्हतेच. तेव्हा ज्यांच्या हाती पडला त्यांनी तो स्वतःसाठी ठेवून घेतला.

मी अंगणात कोबी धूत होते. सकाळ चांगली वर आली होती. टेकाडावरून दोन बार ऐकू आले. मला वाटलं, हे गेले. कोबी तसाच पाण्यात धरून बसले. तुमचं नाव मनात आलंच नाही, आलं ते शिवी देण्यापुरतं.

तुम्हाला निशाणात गुंडाळून नेलं. गावप्रमुख, जो चार वर्षं आम्हाला बघून थुंकायचा, तो आमच्या उंबऱ्याशी कमरेत वाकला. दारावर फळी लावली आहे, शूर पोलिसाचं घर म्हणून. शेजारणी सणाचं पीठ दळून द्यायला येतात. घरात एक गणवेश असला की बाकीचे जगतील म्हणाला होतात, तसंच झालं आहे.

सासूबाईंना २५ तारखेला वर नेलं. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून नव्हे, त्या ऐकेनातच. थडगं अर्धं कापलेलं होतं. पेंढ्या उजव्या अंगाला पडलेल्या. फुलांपर्यंत तुम्ही पोचलाच नव्हतात. सासूबाई बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आला होता तर. कापत होता. धाकटा समोर आला, आणि ह्यानं त्याला मारलं." मग घरी येऊन ह्यांच्या नावाने जे बोलायला लागल्या ते मला लिहवत नाही. ज्या तोंडाने मेला जिवंत आहे म्हणून हसल्या, त्याच तोंडाने पाच दिवस रोज त्याला मरण मागत होत्या. आणि मला वाटत होतं, खरंच असेल. मीही नवऱ्याला खुनी धरून त्याच्या पोरीची वेणी घालत होते.

तुमचं पत्र वाचलं आणि काय करावं सुचेना. गप्प राहिले तर आईच्या मनात एका मुलाने दुसऱ्याला मारलं हेच राहणार. बोलले तर दोघेही गेले हे सांगावं लागणार. तुम्ही म्हणाला होतात, आई असेपर्यंत सांभाळा. मला नाही सांभाळता आलं. काल सकाळी मल्सुनला शेजारी पाठवलं, सासूबाईंना समोर बसवलं आणि तुमचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. माशाचंही वाचलं. अंगठा कापला त्या ओळीला त्यांनी "वेडा" म्हटलं.

मग विचारलं, "कोणता दिवस म्हणालीस?"

"पहिला महिना, एकोणिसावा."

"आणि धाकट्याचा आठवा महिना, सहावा." त्यांनी बोटं दुमडून मोजलं. "म्हणजे दोन पानं. वाढणारा पुरुष नाही, तू वाढ. कोण काय म्हणतं बघते."

मी उठले, चूल पेटवली, सातूचा भात केला. दोघींच्या वाट्या मांडल्या. सासूबाई वाटीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तो एकटा येणार, हे वर कुणाला माहीत? दिवससुद्धा बरोबर. त्यांना कुणी सांगितलं?"

भाऊजी, मी तोंड उघडलं होतं. सांगणारच होते, खरंच. भाताचा डाव माझ्या हातात तसाच होता आणि तो वाटीच्या काठावर वाजायला लागला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, आवाज थांबेपर्यंत धरून ठेवलं.

"नको सांगूस," त्या म्हणाल्या. "मला अजून तुझ्या हातचं जेवायचंय."